रोग होण्याआधीचे औषध

मिरग जवळ आला की आपण शिडी लावून घरावर चढतो, फुटकी कौले बदलतो, पडवीला झापे बांधतो. पाऊस सुरू झाल्यावर घर शाकारायला निघालेल्या माणसाला अख्खी वाडी हसते. शरीराच्या बाबतीत मात्र आपली रीत उलटी. ताप आला की औषध, दुखलं की डॉक्टर. दुखण्याआधी औषध घ्यायचं म्हटलं, की ‘मला काय झालंय?’ असा प्रश्न येतो.

खरं तर ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. इंग्रजी अमदानीत, १८९२ पासून बंगालमध्ये आणि पुढे इतर प्रांतांतही, पोस्टाच्या कचेरीत क्विनीनच्या पुड्या एका पैशाला मिळत. हिवतापाच्या मुलखात निरोगी माणसांनीही क्विनीन घ्यावं असा सरकारचा आग्रह असे. औषध स्वस्त, आणि मिळण्याचं ठिकाण सगळ्यांच्या पायाखालचं. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आजच्या विषयात त्या पुन्हा लागणार आहेत.

विषय आहे एचआयव्हीचा. हे नाव निघालं की रंगलेल्या गजालीसुद्धा एकदम थांबतात. पण ज्या रोगाबद्दल बोलायचं नाही त्याचं औषध कुठं मिळतं हे तरी कसं कळणार?

एचआयव्ही हा विषाणू रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिथे बसून स्वतःच्या नकला काढू लागतो. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे ते नकला काढण्याचं काम बंद पाडतात. रोग झालेल्या माणसाला हीच औषधे आणखी एखाद्या औषधाबरोबर देतात. पण निरोगी माणसाच्या अंगात ती आधीपासून असली, तर बाहेरून आलेल्या विषाणूला पाय रोवायला जागाच मिळत नाही. दोन्ही औषधे मिळून एक गोळी होते व ती रोज एक घ्यायची. या उपायाला ‘प्रेप’ म्हणतात. अमेरिकेत त्याला २०१२ साली मान्यता मिळाली. ज्यांना लागणीचा मोठा धोका आहे अशा सर्वांना ही गोळी मिळावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केली. भारताच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजे ‘नाको’ने, २०२२ साली तिच्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

ही लस नव्हे, बरं का. देवीची लस टोचली की तिचं संरक्षण पुढे काही वर्षं टिकायचं. इथे गोळी चालू तोवरच संरक्षण. २०१० साली सहा देशांतल्या २,४९९ जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. गोळी ज्यांना दिली त्या सर्वांचा हिशेब केला तर लागण ४४ टक्क्यांनी घटली होती. पण ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, त्यांच्यात धोका ९२ टक्क्यांनी कमी झाला होता. अंतर कशामुळे पडलं? गोळ्या डबीत राहिल्या म्हणून. नियम न चुकता रोज घेतली तर शरीरसंबंधातून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते. गरमी, परमा यांसारखे इतर गुप्तरोग मात्र ती थांबवत नाही. म्हणून निरोध सोडायचा नाही.

आता ही गोळी कोणासाठी? समजा, आपल्या किनाऱ्यावरच्या एका तांडेलाची रक्ततपासणी झाली आणि एचआयव्ही निघाला. बायकोची तपासणी केली, ती निरोगी. तांडेलाला सरकारी रुग्णालयातून मोफत औषध सुरू होतं. काही महिने ते नीट घेतलं की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि मग त्याच्यापासून शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही. लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे २०११ साली नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाने दाखवलं. त्यात पुण्याची, तेव्हा राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्थाही होती. पण विषाणू दबेपर्यंतच्या मधल्या महिन्यांत त्या बाईने काय करायचं? त्यांना मूल हवं असेल तर? तिच्यासाठी ही गोळी आहे. गरोदरपणीही ती घेता येते.

तशीच ती ज्यांच्या जोडीदाराची स्थिती ठाऊक नाही त्यांच्यासाठी, देहविक्रय करणाऱ्या भगिनींसाठी, पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांसाठी, तृतीयपंथीयांसाठी आणि सुईने नशा करणाऱ्यांसाठी आहे. कोण कसा वागतो याचा निवाडा औषध करीत नाही. आपणही इथे करायला नको. मुंबईचा चाकरमानी, हायवेवरचा ड्रायव्हर किंवा बोटीवरचा खलाशी महिनोन्‌महिने घराबाहेर राहतो, म्हणून तो संशयित ठरत नाही. धोका आहे की नाही हे ज्याचं त्याला ठाऊक असतं.

अमेरिकेत याच मिश्रणाच्या मूळ कंपनीच्या गोळ्यांची छापील किंमत २०१९ च्या सुमारास महिन्याला दीड हजार डॉलरांच्या वर होती. आपल्याकडे त्याच औषधाची बाटली तिच्या लहानशा अंशात मिळते. हे काही कंपन्यांच्या दयेमुळे घडलेलं नाही. त्याची हकिगत थोडी लांब आहे, पण ऐकण्यासारखी आहे.

१९७० साली आपण पेटंटचा नवा कायदा केला. त्यात औषधाच्या बाबतीत हक्क दिला तो बनवण्याच्या रीतीवर, खुद्द औषधावर नव्हे. म्हणजे असं पाहा, कुणी सोलकढी करण्याची एक नवी रीत काढली तर ती रीत त्याची. पण सोलकढीच त्याची झाली, दुसऱ्या कुणी ती करायचीच नाही, असं नाही. या कायद्याच्या आधाराने आपल्या कारखान्यांनी परदेशी औषधे वेगळ्या रीतीने तयार करायला सुरुवात केली. एड्सच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च परदेशात दहा ते पंधरा हजार डॉलर होता, तेव्हा, फेब्रुवारी २००१ मध्ये, मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच औषधे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. दिवसाला एक डॉलरही नाही! १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एचआयव्हीचा उपचार मोफत सुरू केला, त्याला या स्वस्ताईचा मोठा हातभार लागला.

२००५ साली जागतिक व्यापार कराराप्रमाणे आपल्याला कायदा बदलावा लागला आणि खुद्द औषधावरही हक्क मिळू लागला. मात्र दोन खिडक्या उघड्या राहिल्या. जुन्याच पदार्थात किरकोळ फेरफार केला आणि गुण वाढला नाही, तर पेटंट नाही. आणि कुणाच्याही अर्जाला कुणालाही हरकत घेता येते. टेनोफोविरच्या अर्जाला सिप्लाने हरकत घेतली, तशीच एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांच्या संघटनांनीही घेतली. २००९ साली पेटंट कचेरीने तो अर्ज फेटाळला. औषध ज्यांना खायचं होतं त्यांनीच कचेरीत जाऊन ते स्वस्त राखलं, हे मला फार मोलाचं वाटतं. सातवी-आठवीच्या नागरिकशास्त्रात एखादा धडा सहज व्हावा.

तर आता मालवण किनाऱ्यावरच्या माणसाने जायचं कुठे?

पहिली पायरी तपासणीची. सरकारी रुग्णालयात ‘आयसीटीसी’ नावाचं समुपदेशन व तपासणी केंद्र असतं. तिथे एचआयव्हीची तपासणी मोफत होते. मालवणकरांनी ग्रामीण रुग्णालयात विचारावं, नाहीतर एस.टी.ने कसालमार्गे ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठावं. गावात ओळख निघेल अशी धास्ती असेल तर दुसऱ्या तालुक्याच्या केंद्रात गेलात तरी चालतं. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेजही आपल्या जिल्ह्याला परकं नाही.

मोफत काय मिळतं तेही नीट समजून घ्या. लागण झालेल्याचा उपचार मोफत. गरोदर आईला लागण असेल तर तिचं औषध आणि जन्मलेल्या बाळाचं औषध मोफत. उपचाराविना शंभरांतल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, उपचाराने ती पाचाच्या खाली येते. आणि तिसरं, नर्सबाईंना वापरलेली सुई टोचली किंवा कुणावर अत्याचार झाला, तर लागणीआधीच अडवणारं २८ दिवसांचं औषध. हे शक्य तो दोन तासांच्या आत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. ‘सोमवारी दवाखाना उघडल्यावर बघू’ असं इथे चालत नाही. रात्री अपघात विभागात जावं.

रोजची प्रतिबंधक गोळी मात्र प्रत्येक सरकारी दवाखान्यात फुकट मिळते असं समजून जाऊ नका. केंद्रात आधी चौकशी करा. तिथे नसेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन विकत घ्यावी लागते. इथे खर्च वाचवण्याच्या दोन-तीन वाटा आहेत. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव हवं: ‘टेनोफोविर ३०० व एमट्रिसिटाबिन २००’. एकच मिश्रण अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे दोन-तीन दुकानांत भाव विचारावा. एमट्रिसिटाबिनच्या जागी लॅमिव्ह्युडिन असलेली गोळी आपल्याला चालेल का, हेही डॉक्टरांना विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेने तीही ग्राह्य धरली आहे. आणि क्वचितच संबंध येणाऱ्या पुरुषांना रोज गोळी न घेता संबंधाच्या आधी दोन आणि नंतर एकेक दिवसाच्या अंतराने एक-एक, अशी रीतही आहे. ती स्त्रियांना चालत नाही, कावीळ ‘ब’ असणाऱ्यांनाही नाही. म्हणून ऐकीव माहितीवर स्वतःच सुरू करू नये.

सुरुवातीला एचआयव्ही, कावीळ ‘ब’ आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते. पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची. अंगात आधीच लागण असताना दोनच औषधांची ही गोळी घेतली तर विषाणू तिला सरावतो आणि पुढचा उपचार अवघड होतो. म्हणून तपासणी टाळून औषध आणणाऱ्याने पैसे वाचवले असं म्हणता येत नाही.

लाजेचं काय? त्यावर कायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, कुणाची स्थिती उघड करता येत नाही, आणि लागण आहे म्हणून नोकरी, घर, शाळा नाकारता येत नाही. शिक्षक बंधुभगिनींनी शेवटचा शब्द नीट वाचावा. घराबाहेर पडायचा धीर होत नसेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.

आणखी एक औषध वाटेवर आहे. लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. २०२४ साली दक्षिण आफ्रिका व युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८,००० डॉलरांच्या वर आहे. पण मूळ कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा उत्पादकांना ते बनवण्याचा परवाना दिला; त्यांत पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत. या शेवटच्या दोन कंपन्यांचं औषध २०२७ पासून १२० देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलरांत देण्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. परवान्याच्या यादीत भारत आहे. ते आपल्या रुग्णालयांत आलं, तर मुंबईहून शिमग्याला आणि गणपतीला गावी येणाऱ्या माणसाला दोन्ही खेपांना एकेक टोचून घेता येईल, साधारण तेवढंच अंतर पडतं. तोवर रोजची गोळी.