शेतातून थेट दारात : कायदा कुणाच्या बाजूने?

गेल्या आश्विनातली गोष्ट. रविवारची सकाळ. मी आमटीला फोडणी घालत होते तेवढ्यात दार वाजले. पाहते तो माझ्या मोठ्या जाऊबाई! पुरंदर तालुक्यात आमची घरची थोडी शेती आहे, अंजिराची आणि सीताफळाची. भाऊजी आणि वहिनी ती बघतात. सीताफळाच्या हंगामात वहिनी दर रविवारी टेंपोतून दहाबारा क्रेट घेऊन आमच्या गावी येतात आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर बसून विकतात. अकरापर्यंत माल संपतो, मग आमच्याकडे चार घास खाऊन त्या दुपारच्या गाडीने परत जातात. त्या दिवशी मात्र साडेनऊलाच दारात उभ्या. हात रिकामे आणि चेहरा उतरलेला.

"वहिनी, एवढ्यात संपला माल?"

"संपला कसला? उचलून नेला," म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

झाले होते असे. आधी एक गृहस्थ आले आणि "बाजार समितीचा परवाना दाखवा, नाहीतर इथे विकता येणार नाही," असे दरडावून गेले. अर्ध्या तासाने नगरपालिकेची गाडी आली. चार क्रेट आणि वजनकाटा गाडीत टाकला आणि गाडी निघून गेली. ना पावती, ना कागद. भोवती गिऱ्हाइके उभी होती, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

"आता नाही बाई यायची मी," वहिनी म्हणाल्या. "अडत्याकडे टाकू, तो देईल तो भाव घेऊ. निदान चार लोकांत अपमान तरी नाही."

मैत्रिणींनो, मी एका शाळेत अर्धवेळ नागरिकशास्त्र शिकवते. 'हक्क आणि कर्तव्ये' हा धडा मला तोंडपाठ आहे. पण आपल्याच जावेला आपल्याच शेतातले फळ विकायचा हक्क आहे की नाही, हे मला सांगता येईना. त्या संध्याकाळी मी खालच्या मजल्यावरच्या वकीलकाकांकडे गेले. काका आता निवृत्त झाले आहेत, पण त्यांनी कपाटातून पुस्तके काढली आणि कलमे मलाच मोठ्याने वाचायला लावली. त्यातून जे कळले ते इथे सांगते.

बाजार समितीचा परवाना कुणाला?

आपल्या राज्याचा कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीचा कायदा १९६३ सालचा. बाजार समित्या, अडते, सेस हे सगळे त्यातलेच. परवान्याशिवाय बाजारक्षेत्रात शेतमालाचा व्यापार करू नये, असे त्याचे सहावे कलम सांगते. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात सूट आहे. किरकोळ विक्रीला, स्वतःचा माल स्वतः विकणाऱ्या शेतकऱ्याला आणि घरी खाण्यासाठी घेणाऱ्याला केलेल्या विक्रीला ही अट लागू नाही. म्हणजे वहिनींनी आपली सीताफळे माझ्या शेजारणीला विकली, तर त्या विक्रीला तिन्ही बाजूंनी सूट! पुढे २०१६ साली सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला तो वेगळाच. परवाना मागणाऱ्या त्या गृहस्थांच्या बोलण्याला काही आधारच नव्हता.

(केंद्राचे २०२० सालचे तीन शेती कायदे पुढच्याच वर्षी रद्द झाले. काहींना वाटते की त्यांच्याबरोबर ही सूटही गेली. तसे नाही. ही सूट आपल्या राज्याच्या जुन्या कायद्यातली आहे.)

आता एक गंमत सांगते. आमच्या सातबाऱ्यावर नाव भाऊजींचे. मला धास्ती होती की वहिनींना कुणी शेतकरी मानेल का? पण या कायद्यात 'शेतकरी' कोण, तर जो स्वतः, कुळाकडून, मजुराकडून किंवा अन्य प्रकारे शेतमाल पिकवण्याच्या कामात असतो तो. जमीन कुणाच्या नावावर आहे, याचा त्या व्याख्येत उल्लेखच नाही. छाटणीपासून तोडणीपर्यंत राबणारी आमची वहिनी या कायद्यापुढे पूर्ण शेतकरी आहे. उलट एखादा व्यापारी थोडीफार शेती करत असला, तरी या व्याख्येत तो शेतकरी ठरत नाही.

सीताफळ आणि सीताफळाचा गर

दुसरा प्रश्न अन्नसुरक्षेचा. २००६ सालच्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याच्या अठराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की शेतकरी, त्याचे पीक आणि शेतावर पिकलेला माल यांना हा कायदा लागू नाही. झाडावरून काढलेले सीताफळ शेतकऱ्याच्या हातात आहे तोवर त्याला कसलीही नोंदणी नको.

पण फळाचे रूप बदलले की नियमही बदलतो. वहिनी उरलेली पिकली फळे फोडून गर काढतात आणि डब्यात घालून विकतात. अंजिराचा जॅमही करतात. तिथे त्या शेतकरी राहत नाहीत, अन्नपदार्थ बनवणाऱ्या ठरतात. त्यासाठी नोंदणी हवी. २०११ च्या नियमावलीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला पूर्ण परवाना नको, साधी नोंदणी पुरे, आणि फी वर्षाला १०० रुपये, असे ठरवले होते. मर्यादा आणि फी बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी पाहून घ्यावे. अर्ज 'फॉसकॉस' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतो.

दुधाचेही असेच. सगळे दूध आपल्या सहकारी सोसायटीला घालणाऱ्या सभासदाला नोंदणीतून सूट आहे. पण दारोदार रतीब घालायचा तर नोंदणी करावी लागते.

आणि हो, 'सेंद्रिय' हा शब्द! तो आजकाल ज्याच्या त्याच्या पाटीवर दिसतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे सेंद्रिय म्हणून माल विकायला प्रमाणपत्र लागते. मात्र थेट खाणाऱ्यालाच विकणाऱ्या लहान उत्पादकाला त्यातून सूट दिली आहे. पण त्याने 'जैविक भारत'चे चिन्ह लावायचे नाही. चिन्ह दिसले तर प्रमाणपत्र मागा. चिन्ह नसेल तर शेत कुठे आहे ते विचारा आणि एखाद्या सुटीत मुलांना घेऊन बघायला जा.

आमचीही एक चूक

सगळा दोष दुसऱ्यांवर ढकलणे बरे नाही. काकांनी विचारले, "काट्याला शिक्का कधी मारला होता?" वहिनी गप्प. वजनमापाच्या नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. आमच्या काट्याचा शिक्का उलटून वर्ष होऊन गेले होते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा नियम किती महत्त्वाचा आहे ते आपण गृहिणी जाणतोच. किलोमागे पन्नास ग्रॅम कमी भरले की आपण त्या माणसाचे तोंड पाहत नाही. भाऊजींनी पुढच्याच आठवड्यात काटा तपासून आणला.

गाडे अडते रस्त्यावर

खरा पेच रस्त्याचा. २०१४ साली फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्यात फेरीवाल्याला हटवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी करून सही केलेली प्रत हातात द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत सोडावा लागतो. हे वाचून मला हायसे वाटले. पण काकांनी पुढचे कलम दाखवले. विक्रीचे प्रमाणपत्र घेताना फेरीवाल्याला लिहून द्यावे लागते की माझे उपजीविकेचे दुसरे साधन नाही. आणि शेतकऱ्याला तर शेती आहे!

म्हणजे पाहा, माल विकायचा हक्क एका कायद्याने दिला, पण माल घेऊन बसायची हक्काची जागा कुठल्याच कायद्याने दिली नाही. रोज बसणाऱ्या गरीब भाजीवाल्याची जागा कुणी सधनाने बळकावू नये म्हणून ती अट असेल, आणि ती योग्यच आहे. पण हंगामात आठ-दहा रविवार येणाऱ्या शेतकरीणबाईने बसायचे कुठे? पणन मंडळाच्या पुढाकाराने पुण्यामुंबईकडे शेतकरी आठवडे बाजार भरू लागले, तो याला चांगला तोडगा आहे. पंजाबात 'अपनी मंडी' १९८७ पासून आणि आंध्रात 'रयतु बाजार' १९९९ पासून याच कारणासाठी सुरू झाले. आमच्या लहान गावात मात्र अजून तसे काही नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी लेखी अर्ज आणि सातबाऱ्याची प्रत घेऊन नगरपालिकेत गेले. काटा परत मिळाला. सीताफळे मात्र तोवर मऊ होऊन गेली होती. हक्क माहीत असता आणि अर्ज त्याच दुपारी दिला असता तर तीही कदाचित वाचली असती.

मग आम्ही काय केले?

२०२० च्या टाळेबंदीत कितीतरी सोसायट्यांनी शेतकऱ्यांचे टेंपो थेट फाटकाशी बोलावले होते. मी म्हटले, अडचणीत होते ते एरवी का होऊ नये? सोसायटीच्या सभेत विषय मांडला. कुणी म्हणाले कचरा होईल, कुणी म्हणाले बाहेरची माणसे आत येतील. फाटकाजवळच्या भाजीवाल्या मावशींच्या धंद्याचे काय, हा प्रश्न मात्र रास्त होता. शेवटी ठरले की हंगामाच्या रविवारी आठ ते अकरा आवारात एक टेबल द्यायचे. मावशींकडे असते ती भाजी तिथे आणायची नाही, फक्त सीताफळ आणि अंजीर आणायचे. कचरा विक्रेत्याने परत न्यायचा. तसा रीतसर ठराव लिहून घेतला. खाजगी आवार असल्याने रस्ता अडवल्याचा प्रश्नही मिटला.

वहिनींना निरोप धाडला तर म्हणाल्या, "नको गं. पुन्हा तमाशा नको." शेवटी मीच गावी गेले आणि १९६३ च्या कायद्यातली ती दोन वाक्ये वहीत लिहून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. कार्तिकात त्या पुन्हा आल्या.

एवढे ध्यानात ठेवा

विकणाऱ्या भगिनींनी :
१. सातबाऱ्याची प्रत जवळ बाळगावी. पीकपाहणीत पिकाची नोंद आहे ना, ते बघावे.
२. आपलाच माल विकावा. शेजाऱ्याकडून विकत घेऊन विकला तर तो व्यापार झाला.
३. काट्याचा शिक्का वेळेवर करून घ्यावा.
४. जॅम, गर, लोणचे, पापड यांची नोंदणी करावी. बंद डब्यावर नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष आणि किंमत लिहावी.
५. माल जप्त झाला तर यादी मागावी आणि त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा.

घेणाऱ्या भगिनींनी :
१. काट्यावरचा शिक्का पाहावा, त्यात संकोच नको.
२. डब्यातल्या पदार्थावर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे.
३. आणि समोर कुणाचा माल विनापावती उचलला जात असेल, तर निदान "यादी कुठे आहे?" एवढे तरी विचारावे.

जाता जाता एक सांगते. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले, आणि पुढे बायकोचे नाव जमिनीवर लावण्याची 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली. आमच्या घरी ती काही पोहोचली नव्हती. गराच्या नोंदणीचा अर्ज भरायला मी बसले, तेव्हा 'अर्जदाराचे नाव' या रकान्याशी थांबले आणि भाऊजींकडे पाहिले. ते म्हणाले, "गर ती काढते, जॅम ती करते, मग नाव माझे कशाला?"

नोंदणीचा कागद वहिनींनी चौकटीत बसवून देवघराशेजारी लावला आहे. सातबाऱ्याचे अजून व्हायचे आहे. यंदाच्या दिवाळीत तो विषय काढायचे मी ठरवले आहे.