पत्ता काढण्याचा खर्च

2000 सालच्या आसपास वायरलेस सेन्सर नेटवर्कवर लिहिणारे बरेच जण एकच स्वप्न रंगवत होते. विमानातून शेकडो नोड, म्हणजे सेन्सर, रेडिओ आणि बॅटरी असलेली छोटी यंत्रं, टाकायचे; ते कुठेही पडोत, आपापसात बोलून आपली जागा शोधून काढतील. बर्कलीच्या क्रिस पिस्टर यांच्या ‘स्मार्ट डस्ट’ प्रकल्पाने या कल्पनेला पंख दिले होते. अडत होतं बॅटरीपाशी. प्रत्येक नोडला जीपीएस द्यावं, तर उपग्रह आपल्या कक्षेची माहिती पाठवतो ती सेकंदाला 50 बिट अशा रडतखडत वेगाने. बराच काळ बंद असलेल्या रिसीव्हरला ती उतरवून घ्यायला अर्धं मिनिट जागं राहावं लागतं. दोन पेन्सिल सेलवर महिनोन्‌महिने काढायचे असलेल्या नोडला ही चैन परवडत नाही.

म्हणून मोजक्याच नोडना जागा आधीच ठाऊक असावी, बाकीच्यांनी त्यांच्यावरून अंदाज बांधावा, असा विचार पुढे आला. या जाणत्या नोडना अँकर म्हणू लागले. रटगर्समधल्या निकुलेस्कू आणि नाथ यांची 2001 ची डीव्ही-हॉप पद्धत यातली सर्वांत गाजलेली. अँकरचा निरोप नोडानोडातून पुढे जातो आणि प्रत्येक जण आपल्यापर्यंत किती टप्पे झाले ते मोजतो. दोन अँकरमधलं खरं अंतर भागिले टप्पे, की सरासरी टप्प्याची लांबी मिळते. तिला आपल्या टप्प्यांनी गुणलं की अंतर हाती येतं. अशी तीन अंतरं मिळाली की जागा ठरते. जादा हार्डवेअर शून्य. कागदावर इतकी देखणी की पुढे तिच्या सुधारित आवृत्त्यांचं पेवच फुटलं, आपल्याकडच्या एम.टेक. प्रबंधांनीही त्यात भर घातली. त्यातलं बहुतेक काम सिम्युलेशनमधलं, जिथे रेडिओची हद्द म्हणजे कंपासने काढलेलं वर्तुळ. खऱ्या रानात झाडं, ओल आणि चढउतार ते वर्तुळ पार वेडंवाकडं करून टाकतात.

शिवाय निरोपांचा तो पूर फुकट येत नाही. त्या काळी लोकप्रिय असलेल्या सीसी2420 या रेडिओ चिपला पूर्ण ताकदीने बोलायला 17.4 मिलिॲम्पिअर लागत, ऐकायला 18.8. ऐकणंच महाग! शेजारी केव्हा बोलेल म्हणून कान टवकारून बसलेला नोड काहीही न करता बॅटरी संपवतो. त्यामुळे पद्धत किती हुशार यापेक्षा रेडिओ किती वेळ झोपू शकतो, हा प्रश्न मोठा ठरला.

प्रत्यक्ष कामाची माणसं तोवर वेगळ्याच वाटेने गेली होती. 2002 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्याच्या ग्रेट डक बेटावर पेट्रेल पक्ष्यांच्या बिळांमध्ये नोड ठेवले गेले, ते हातानेच. कोणता नोड कुठे, हे ठेवणाऱ्यालाच माहीत. बॅटरीचा खर्च काहीच नाही.

मला या सगळ्यात संशोधक बोधी प्रियंथ यांचा प्रवास सर्वांत बोलका वाटतो. 2000 मध्ये एमआयटीत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘क्रिकेट’ ही इमारतीच्या आत जागा शोधणारी यंत्रणा बनवली. भिंतीवरचा बीकन रेडिओ आणि अल्ट्रासाउंड एकदम सोडतो. आवाज मागाहून पोचतो आणि त्या उशिरावरून श्रोता आपलं अंतर आपणच काढतो. बारा वर्षांनी मायक्रोसॉफ्टमध्ये जी लिऊ यांच्यासोबत केलेल्या कामात त्यांनी हिशोब उलटा केला. तिथे उपकरण जीपीएसचा काही मिलिसेकंदांचा कच्चा सिग्नल टिपून झोपी जातं आणि आकडेमोड नंतर क्लाउडवर होते. अर्ध्या मिनिटाचं जागरण गेलं, ते असं.

हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या, 2021 मध्ये आलेल्या ॲपलच्या एअरटॅगमध्येही जीपीएस नाही. बटण सेलवर तो ब्लूटूथने आपली हजेरी देत राहतो. जवळून जाणारा कुणाचा तरी आयफोन ती ऐकतो आणि स्वतःची जागा गुपचूप कळवतो. नोडांनी एकमेकांच्या आधाराने जागा शोधण्याचं स्वप्न इथे निकालात निघालं. खर्च रोज रात्री चार्ज होणाऱ्या फोनच्या खात्यावर गेला. जिथे असा फोन फिरकतच नाही, त्या खाणीत आणि समुद्राखाली मात्र अँकर आणि टप्प्यांचं जुनं गणित अजून सुटलेलं नाही. पाण्यात रेडिओ फार लांब जात नाही, आवाजावरच भागवावं लागतं, आणि तो लांबवर पोचवायचा तर बॅटरी पुन्हा आडवी येते.