‘तर’ आणि ‘तरच’: लॉ एंट्रन्समधले अवघड लॉजिकल प्रश्न

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरा, कारण यात बाण काढायचेत आणि बाण काही कानाने दिसत नाहीत. म्हणून ट्रान्सक्रिप्ट जरा नीट करून टाकतोय.

विषय तळेघरच्या मुलांकडून आला. घोडेगावहून भीमाशंकरला जाताना लागतं ते, आंबेगाव तालुक्यातलं तळेघर. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ करायचंय, पण लॉजिकल रिझनिंगमध्ये शेवटी दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो, ही तक्रार. महाराष्ट्राच्या सीईटीत प्रश्न मराठीतही वाचता येतात, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. क्लॅट फक्त इंग्रजीत. 120 प्रश्न, 120 मिनिटं, चुकलं की पाव मार्क गेला. तिथे ‘ठोकून देऊ एक’ परवडत नाही.

मी वकील नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण दिवसभर ‘जर-तर’च लिहितो, त्यामुळे एक गोष्ट ठामपणे सांगतो: यातल्या बऱ्याच चुका डोकं कमी पडतं म्हणून होत नाहीत. बाण उलटा वाचला जातो म्हणून होतात.

आता एसटीत चला. समजा गाडीत एकच नियम आहे: ज्याचं तिकीट फुकट, त्याचं वय 75 किंवा जास्त हवं. चार प्रवासी आहेत. एकाकडे फुकटचं तिकीट, एकाने पूर्ण पैसे भरलेत, एक 80 वर्षांचे आजोबा, एक 60 वर्षांचे काका. पहिल्या दोघांचं वय माहीत नाही, शेवटच्या दोघांचं तिकीट पाहिलेलं नाही. नियम मोडलाय का हे बघायला कंडक्टरने कोणाकोणाला तपासायचं?

फुकट तिकीटवाल्याचं वय, आणि साठीच्या काकांचं तिकीट. बस्स. ऐंशीच्या आजोबांनी हौसेने पैसे भरले असतील तरी नियम मोडत नाही. हे कोणीही चटकन सांगतं.

आता हेच कोरडं करून बघा. टेबलावर चार कार्डं आहेत: अ, क, 4, 7. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. कोणती कार्डं उलटायची? बहुतेक लोक म्हणतात ‘अ आणि 4’. बरोबर उत्तर ‘अ आणि 7’. 4 च्या मागे काहीही असलं तरी नियमाला धक्का नाही. 7 च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये हे कोडं मांडलं, आणि भलेभले त्यात अडकतात. गणित एसटीतलंच आहे, फक्त आजोबा आणि काका गायब झाले. म्हणून माझा पहिला सल्ला: कोरडा नियम दिसला की त्यात माणसं बसवा.

बाण उलटतो कुठे? आपल्या बोलण्यात. आई म्हणते, ‘अभ्यास केलास तर महाशिवरात्रीच्या यात्रेला नेईन.’ आपण न सांगता समजतो की अभ्यास नाही तर यात्रा नाही. घरात ते बरोबरच आहे. पेपरात ते धरायचं नाही! तिथे ‘अभ्यास → यात्रा’ एवढंच दिलंय. अभ्यास न केल्यास काय, याबद्दल वाक्य गप्प आहे.

मराठीवाल्यांकडे यावर एक फुकटचं हत्यार आहे: ‘च’. ‘पास असलेलाच गाडीत बसतो’ म्हणजे बसला → पास आहे. ‘पास असलेला गाडीत बसतोच’ म्हणजे पास आहे → बसला. ‘च’ सरकला, बाण फिरला. इंग्रजी पेपरात ‘ओन्ली इफ’ दिसलं की मनात ‘तरच’ म्हणा आणि ‘तरच’च्या पुढची गोष्ट बाणाच्या शेपटाकडे ठेवा.

खरा कायदा घेऊ, आपल्या भागात घरोघरी माहीत असलेला. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाचा वनजमिनीवरचा वैयक्तिक हक्क, ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा असेल तरच मान्य होतो. म्हणजे हक्क मिळाला → ताबा आधीचा. यावरून दोनच गोष्टी नक्की निघतात: एखाद्याला असा हक्क मिळालाय, तर त्याचा ताबा आधीचा होता, आणि ताबा 2009 चा असेल तर हक्क नाही. पण ताबा 1998 चा, म्हणून हक्क मिळणारच? नाही निघत. बाकीच्याही अटी आहेत. दावा नामंजूर झाला, म्हणजे ताबा नंतरचाच असणार? हेही नाही निघत. पेपरात मोहाचे पर्याय म्हणून हेच दोन ठेवलेले असतात.

आणि हे पेपरापुरतं नाही. नामंजुरीचं पत्र हातात आल्यावर ‘म्हणजे आपला ताबाच उशिराचा’ असं मानून घरी बसणारा माणूस हीच चूक करतो. कारण दुसरंच असू शकतं, आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला 60 दिवस असतात.

‘अनलेस’ला घाबरू नका, तो आपला ‘-ल्याशिवाय नाही’ आहे. याच कायद्यात, माणसाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय त्याचा अर्ज त्याच्याविरुद्ध निकाली काढता येत नाही. विरुद्ध निकाल → संधी दिली होती. संधी दिली म्हणजे निकाल बाजूने लागेल, असं कुठेही म्हटलेलं नाही.

गृहीतकाचे प्रश्न थोडक्यात. ‘गावात टॉवर उभा राहिला की मुलं ऑनलाइन टेस्ट देतील.’ गृहीत काय? पर्याय उलटा करून बघा. ‘मुलांच्या हातात फोन नाहीत’ म्हटलं की मुद्दा कोसळतो, म्हणजे फोन असणं हे गृहीतक. ‘ऑनलाइन टेस्ट कागदीपेक्षा चांगली नसते’ म्हटलं तरी मुद्दा उभाच राहतो, म्हणून तो पर्याय बाद.

क्लॅट कागदावर होते, पेन हातात असतंच. उतारा सगळा भाषांतरित करत बसू नका, वेळ पुरणार नाही. नियमाचं एक वाक्य मराठीत, बाणासकट, समासात लिहा. दहा सेकंद जातात.

सरावाला एक देतो. ‘ज्यांनी सराव पेपर सोडवले तेच पास झाले. ती पास झाली नाही.’ यावरून तिने सराव पेपर सोडवले नव्हते, असं म्हणता येईल का? बाण काढा. उत्तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला.