अंगणातील काठी आणि वर्षाचे ऋतू

उन्हाळा का येतो, असे विचारले तर पुष्कळ लोक सांगतात, “पृथ्वी त्या वेळी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.” धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले हे सांगतात आणि मोठी माणसेही माना डोलावतात. वस्तुस्थिती उलट आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे सकाळच्या मिस्साला लोक शाल पांघरून येतात तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ते १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. शिवाय नाताळात ऑस्ट्रेलियातील ख्रिस्ती बांधव ऐन उन्हाळ्यात घाम पुसत असतात. पृथ्वी एकच, अंतर तेच, मग ऋतू दोन कसे? (आपण मात्र गव्हाणीच्या देखाव्यावर कापसाचा बर्फ पसरतो, ते का, हे आजवर कोणी मला समजावून सांगितलेले नाही.)

खरे कारण पृथ्वीच्या कलण्यात आहे. तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असून वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तरेकडील अर्धा भाग सूर्याकडे झुकतो आणि डिसेंबरात दक्षिणेकडील. ज्या भागावर किरणे सरळ पडतात तेथे उष्णता थोड्या जागेत एकवटते आणि दिवसही मोठा होतो. किरणे तिरपी पडली की तीच उष्णता जास्त जमिनीवर पसरते.

हे पुस्तकावाचून पाहता येते. अंगणात एक मीटर उंच काठी ओळंबा धरून सरळ रोवा आणि दिवसातील सर्वांत आखूड सावली मोजा. बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेस १५ अंश ५१ मिनिटांवर आहे. येथे २२ डिसेंबरच्या सुमारास ती सावली ८२ सेंटिमीटर भरेल. २१ मार्चला २८ सेंटिमीटर. मेच्या ४-५ तारखेला ती नाहीशी होईल, कारण सूर्य नेमका डोक्यावर असेल. त्यानंतर गंमत होते. सावली दक्षिणेकडे पडू लागते आणि २१ जूनला १३ सेंटिमीटर होते. ऑगस्टच्या ८-९ तारखेला सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण त्या वेळी आभाळ भरलेले असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आपला कडक उन्हाळा एप्रिल-मेमध्ये असतो आणि दिवस सर्वांत मोठा असतो त्या जूनअखेरीस हवा गार असते, तेही याच ढगांमुळे.

ही आखूड सावली घड्याळातील बारा वाजता मिळणार नाही. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशाची आहे आणि बेळगाव ७४ अंश ३० मिनिटांवर. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ८ अंशांना ३२ मिनिटे. यात ऋतुमानाप्रमाणे थोडा फरक पडतो. मेच्या आरंभी सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजून २८ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजता. आंजेलुसची घंटा होते तेव्हा सूर्य अजून चढतच असतो. तापलेली जमीन पुढे हवेला तापवीत राहते, म्हणून खरा ताप दोन-तीन वाजता असतो. घंटा झाली की घरी यावे आणि चार वाजल्यावर पुन्हा शेतात जावे. सोबत ताक किंवा नाचणीची आंबील असावी. अंग तापून माणूस बरळू लागला तर त्याला सावलीत न्या, अंगावर ओले कापड घालून वारा घाला आणि तातडीने दवाखाना गाठा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

सूर्य आणि कॅलेंडर यांची फारकत होऊ शकते. पास्काचा सण वसंतसंपाताशी बांधलेला असल्याने ख्रिस्तसभेला हा प्रश्न फार सतावत असे. सोळाव्या शतकात संपात २१ मार्चऐवजी ११ मार्चला येऊ लागला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले आणि ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. अविलाची संत तेरेजा त्याच रात्री निवर्तली, म्हणून तिचा सण १५ तारखेला. आपली पावसाची नक्षत्रे तारांगणावर मोजलेली असल्याने तीही ऋतूंच्या मानाने सुमारे ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एकाच दिवशी येत असत. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर आहे.

तेव्हा ७-८ जूनला मृग लागला एवढ्यावर बियाणे मातीत टाकू नये. खानापूरकडची भाताची धूळवाफ पेरणी वेगळी, तिची रीत अनुभवाने ठरलेली आहे. पण सोयाबीन पेरणाऱ्याने ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल जाईपर्यंत थांबावे. पहिल्या वळवावर पेरून दुबार पेरणी करावी लागली, की सोसायटीचे कर्ज वाढलेच.

पिकेही सूर्याचे गणित जाणतात. येथे २१ जूनचा दिवस सुमारे १३ तासांचा असतो, २२ डिसेंबरचा सव्वाअकरा तासांहून थोडा लहान. भाताच्या पुष्कळ जुन्या उंच जाती दिवस लहान होऊ लागले की पोटरीत येतात, म्हणून पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी कापणी साधारण एकाच सुमारास येते. जया, आय. आर. ८ यांसारख्या जातींना दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा नाही. त्या पेरल्यापासूनचे दिवस भरतात. जितका पेरा लांबेल तितकी कापणी लांबते आणि शेवटी दाणा भरताना पाणी कमी पडते. उशीर झालाच तर कमी दिवसांची जात घ्यावी.

सोयाबीनलाही फुलण्यासाठी लांब रात्र लागते. बांधालगतच्या रस्त्यावर रात्रभर प्रखर दिवा जळत असेल, तर त्याच्या उजेडातील झाडे हिरवीगार राहतात आणि शेंगा उशिरा धरतात. खताची किंवा बियाण्याची तक्रार करण्याआधी रात्री एकदा शेतात जाऊन उजेड कोठवर पडतो ते पाहावे आणि ग्रामपंचायतीला सांगून दिव्याला शेताच्या बाजूने पत्रा लावून घ्यावा.