लॅपटॉपची खरी माहिती कुठली कमांड देते?

मीरा रोडच्या शांती नगरमधल्या शेजाऱ्यांनी मुलीसाठी जुना लॅपटॉप घेतला आणि तपासायला माझ्याकडे आणला. उबुंटूवर ‘डीएमआयडीकोड’ चालवलं. रॅमची कमाल मर्यादा 16 जीबी दिसली. आत मात्र 8 आणि 16 अशी 24 जीबी रॅम व्यवस्थित चालू होती!

कारण असं की ही कमांड हार्डवेअर तपासतच नाही. कंपनीने बायोसमध्ये भरून ठेवलेला तक्ता वाचून दाखवते. तक्ता चुकला की उत्तर चुकलं. कित्येक मदरबोर्डांवर सिरीयल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ तसंच राहिलेलं असतं. कमांडच्या मॅन पेजमध्येही ही माहिती बरेचदा चुकीची किंवा अपुरी असते, असं स्पष्ट लिहिलंय.

‘एलएसएचडब्ल्यू’सुद्धा रॅमच्या तपशिलासाठी बहुतेक वेळा तोच तक्ता वाचतं. त्यामुळे दोघांचं उत्तर जुळलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका.

प्रोसेसरच्या माहितीसाठी ‘एलएससीपीयू’ जास्त भरवशाचं, कारण ती बरीचशी थेट प्रोसेसरकडून येते.

डिस्कसाठी ‘स्मार्टसीटीएल’मध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा: डिस्क एकूण किती तास चालली ते कळतं. पण हा आकडाही पुसता येतो. तो पुसून वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याची प्रकरणं 2025 मध्ये युरोपात उघड झाली.

जुनी मशीन घेताना शंका आलीच, तर मागचं झाकण उघडून रॅमवरचं लेबल वाचा.

आउटपुट समजत नसेल तर कमेंटमध्ये टाका, मी बघतो. फक्त सिरीयल नंबर झाकून टाका.