मदतीचा ट्रक निघण्याआधी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा सांगली-कोल्हापुरात शिरल्या आणि पुण्यात मदतीची लाट उसळली. गणेश मंडळे, सोसायट्या, महाविद्यालये, कंपन्या, सगळ्यांनी टेम्पो भरले. बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, तांदूळ, चादरी, जुने कपडे. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता, त्यामुळे ट्रक वाटेतच अडकले. पाणी ओसरल्यावर ते गावोगाव पोहोचले. काही गावांना एकाच वस्तूच्या तीन-तीन खेपा मिळाल्या, काही गावे कोरडी राहिली आणि जुन्या कपड्यांचे ढीग अनेक ठिकाणी तसेच पडून राहिले. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण टेम्पो भरण्याआधी एक प्रश्न क्वचितच कुणी विचारला: तिथला बाजार चालू आहे का?

सांगलीची गणपती पेठ म्हणजे घाऊक किराणा-भुसाराचे केंद्र, आणि ती पाण्यात होती. पण शेजारच्या मिरजेत तांदळाची पोती किती होती? इचलकरंजीहून शिरोळच्या गावांत टेम्पो जाऊ शकत होता का? सरकारने ग्रामीण कुटुंबाला दहा हजार आणि शहरी कुटुंबाला पंधरा हजार रुपये जाहीर केले, त्यांतले पाच हजार रोख. ज्या गावात दुकान उघडे, तिथे त्या नोटांतून बाई औषध, स्टोव्ह, मुलाची वही, जे नाही ते घेईल. ज्या गावातला दुकानदारच मालासकट बुडाला, तिथे त्याच नोटा घडी करून ठेवाव्या लागतील. कुठे ट्रक पाठवायचा आणि कुठे पैसे, हे ठरवण्यासाठी आधी बाजार पाहावा लागतो. मदतकार्यातल्या लोकांनी गेल्या वीसेक वर्षांत या पाहणीचे एक शास्त्रच उभे केले आहे.

त्याचा गाभा साधा आहे. माणूस उपाशी राहतो तो दोन कारणांनी. बाजारात माल नाही, किंवा माल आहे पण हातात पैसा नाही. वरून दोन्ही ठिकाणचे दृश्य सारखेच दिसते, उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. माल नसलेल्या ठिकाणी पैसे वाटले की थोड्या मालामागे जास्त पैसा लागतो आणि भाव भडकतो. ज्यांना पैसे मिळाले नाहीत ते आणखी खड्ड्यात जातात. माल असलेल्या ठिकाणी फुकट धान्य ओतले की गावातला दुकानदार बसतो, आसपासच्या शेतकऱ्याच्या मालाचा भाव पडतो, आणि ट्रक थांबल्यावर गावाला धान्य पुरवणारे कुणी उरत नाही.

हे परदेशी संस्थांनी शिकवले असे समजायचे कारण नाही. पुण्याने ते दीडशे वर्षांपूर्वी करून पाहिले आहे.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस फसला. सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे, सगळीकडे पिके गेली. पुण्यात १८७० साली स्थापन झालेली सार्वजनिक सभा तेव्हा सहा वर्षांची होती. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी तिचे चालक आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तिची बुद्धी. सभेने दुष्काळी जिल्ह्यांत आपली माणसे पाठवली आणि त्यांनी आणलेल्या माहितीवरून मुंबई सरकारला दुष्काळाचे वृत्तान्त एकामागून एक सादर केले. पीक किती गेले, धान्य काय भावाने विकते, जनावरांचे काय झाले, लोक कुठे निघाले, सरकारी कामांवर मजुरी किती मिळते. सरकारी कागदांवर विसंबून न राहता गावातून आणि पेठेतून माहिती उचलायची ही रीत आजच्या पाहणीपेक्षा फारशी वेगळी नाही.

सरकारने दुष्काळी कामांवर पैशांत मजुरी द्यायचे ठरवले होते आणि धान्याचा व्यापार खासगी व्यापाऱ्यांवर सोडला होता. मूळ कल्पना चुकीची नव्हती. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे पुण्याला जोडली गेली होती, बाहेरचे धान्य येऊ शकत होते. कलादगीसारख्या भागाला मात्र रेल्वे नव्हती. तिथे धान्य न्यायचे ते बैलगाडीने, आणि दुष्काळात पहिला मरतो तो बैल. स्टेशनवर पोती आणि आत उपासमार, असे चित्र अशाच ठिकाणी तयार होते.

खरी गोम मजुरीच्या हिशेबात होती. नोव्हेंबर १८७६ मध्ये ठरले की धान्य रुपयाला सोळा पौंडांहून महाग झाले की मजुरी भावाबरोबर हलेल: पुरुषाला रोज एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. जानेवारी १८७७ मध्ये, दुष्काळाच्या पाहणीसाठी भारत सरकारने पाठवलेल्या रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने, ती एक पौंडाची किंमत आणि अर्धा आणा इतकी खाली आली. आता हिशेब करून पाहू. रुपयाला सोळा पौंड या भावात एक पौंडाला एक आणा पडतो. मजुरी दीड आणा, म्हणजे दीड पौंड धान्य. भाव दुप्पट होऊन रुपयाला आठ पौंड झाला की पौंडाला दोन आणे, मजुरी अडीच आणे, म्हणजे सव्वा पौंडच. भाव जितका चढेल तितका तो अर्धा आणा निकामी होत जातो आणि माणूस एका पौंडाकडे, म्हणजे साडेचारशे ग्रॅमकडे घसरतो. त्यात मीठ, मिरची, सरपण, आणि काम करू न शकणारे म्हातारे. दिवसभर खडी फोडणाऱ्याचे पोट त्यात भरत नाही. लोकांनी कामे सोडली. त्यांचे गाऱ्हाणे सभेने सरकारपुढे मांडले. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीही या एका पौंडाच्या हिशेबाला उघड विरोध केला होता.

रोखीने मदत करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा हिशेब भिंतीवर लावावा असे मला वाटते. पैसे देणे पुरेसे नाही. त्या पैशांत स्थानिक पेठेत काय येते, हे दर आठवड्याला पाहावे लागते.

त्याच दुष्काळात जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र उभारले. ज्याला मजुरी करता येत नाही आणि बाजारात जाता येत नाही, त्याच्यापुढे शिजलेले ताटच ठेवावे लागते. बाजार कितीही धडधाकट असला तरी पोरक्या मुलाला त्याचा उपयोग नाही, आणि हे पाहणीच्या कोष्टकात बसत नाही म्हणून विसरता येत नाही.

पुढचा मोठा धडा १९७२-७३ चा. त्या दुष्काळात महाराष्ट्र सरकारने कामे काढली आणि मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ४९ लाख माणसे होती. रेशनवर मिलो ही आयात ज्वारी आली, कामांवर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळाला, त्या पिढीला दोन्हींची चव अजून आठवते. पण ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास करताना दाखवले की रेशनने भरलेला वाटा मर्यादित होता. मजुराच्या हातात पैसा आला आणि त्या पैशामागे शेजारच्या राज्यांतून धान्य आले, तेही आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध असताना. माणसे जगली ती मजुरी आणि व्यापार या जोडीने. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. १८७७ आणि १९७३ या दोन्ही वेळी सरकारने पैसाच दिला. फरक पडला तो पैसा किती आणि किती जणांपर्यंत पोहोचला यात.

जगभरच्या मदतसंस्थांना याकडे वळायला उशीर झाला. जहाज भरून धान्य पाठवायचे हीच त्यांची अनेक दशकांची सवय. २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे ख्रिस्तोफर बॅरेट आणि सहकाऱ्यांनी निर्णयाची एक चौकट मांडली: आधी विचारा, स्थानिक बाजार नीट चालतो का; नसेल तर विचारा, जवळपास पुरेसे धान्य आहे का, की लांबूनच आणावे लागेल. २०१० मध्ये ‘एम्मा’ ही पद्धत पुस्तकरूपाने आली. तीत एकेका वस्तूचे दोन नकाशे काढतात. संकटाआधी ती वस्तू शेतकऱ्याकडून आडत्याकडे, तिथून घाऊक दुकानात, मग कोपऱ्यावरच्या किराण्यात कशी येत होती तो एक, आणि आज कशी येते तो दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले की साखळी कुठे तुटली ते दिसते. गोदाम भिजले? पूल गेला? की दुकानदाराकडे माल आणायला भांडवलच नाही? या शेवटच्या शक्यतेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. किराणा चालतो उधारीवर. पुरात दुकानदाराची वही भिजली की त्याचे येणे बुडते, आणि घाऊकवाला त्याला नवा माल देत नाही. अशा वेळी गावाला शंभर किट देण्यापेक्षा त्या एका दुकानदाराला महिनाभराची उधारी मिळवून देणे स्वस्त पडते आणि टिकते.

पुण्याला ही साखळी स्वतःच्या घरात दिसली ती २०२० मध्ये. टाळेबंदीत एप्रिल महिन्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला फळ-भाजीपाला विभाग बंद झाला आणि मेअखेरीस पुन्हा उघडला. मधल्या काळात शेतकरी कंपन्यांच्या गाड्या थेट सोसायट्यांच्या दारात आल्या. साखळी तुटल्यावर तिने नवी वाट काढली, पण ती वाट मोठ्या सोसायटीच्या फाटकापाशी संपत होती. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या बांधकाम मजुरांकडे कुणी गाडी पाठवली नाही. त्यांच्यासाठी किट आले: तांदूळ, पीठ, डाळ, तेल. पण हे मजूर छोट्या सिलिंडरमध्ये किलोवर गॅस भरून घेतात. मजुरी बंद, गॅसला पैसे नाहीत, मग कोरडा शिधा शिजवायचा कशावर? इथे तांदळाचा बाजार पाहून भागत नाही, गॅसचाही पाहावा लागतो. रेशनकार्ड गावाकडे, हा तेव्हा आणखी एक अडसर होता. अशा माणसाला शिजवलेले अन्न किंवा हातात थोडी रोख, यांपैकीच काहीतरी लागते. हमाल पंचायतीची ‘कष्टाची भाकर’ १९७४ पासून याच ओळखीवर उभी आहे: कष्टकऱ्याला स्वस्त, तयार जेवण लागते.

अशी पाहणी कोण करणार? माझ्या मते यासाठी पुण्याइतके सोयीचे शहर महाराष्ट्रात दुसरे नाही. बाजार समिती रोजची आवक आणि भाव नोंदवते. राज्याच्या कृषी पणन मंडळाचे मुख्यालय मार्केट यार्डातच आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतर त्याच संस्थेच्या सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचा अभ्यास केला, तो १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आला. संकटाआधीची स्थिती माहीत असेल तरच नंतरचा भाव चढा आहे की नेहमीचा, हे कळते. श्रावणात भाजी महागली तर ती पुरामुळे की दरवर्षीच महागते, हे मागच्या वर्षांचा त्याच महिन्याचा भाव पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आकड्यांपलीकडचे मात्र माणसांनाच विचारावे लागते. हमाल आणि तोलणार यांना गाळ्यात पोती किती आहेत ते डोळ्यांनी दिसते. टेम्पोवाल्याला कोणता रस्ता खरा सुरू आहे हे पोलिसांच्या यादीआधी कळते. आडत्याला विचारावे की माल संपला तर नवा किती दिवसांत येईल. किराणावाल्या मावशींना विचारावे की लोकांनी आता काय घेणे बंद केले आहे. आधी डाळ सुटते, मग तेल, शेवटी चहा-साखर. दुष्काळी तालुक्यात आठवडी बाजारात आणखी एक जोडी पाहावी: बैलाचा भाव आणि कडब्याचा भाव. बैल स्वस्त आणि कडबा महाग झाला की शेतकरी पुढच्या हंगामाचे भांडवल विकतोय हे समजावे. जनावरांची चारा छावणी तेव्हा उघडायला हवी, दावणी रिकाम्या झाल्यावर नव्हे.

शहरात तर पाहणीचा अर्थ आणखी बदलतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरे बुडाली. अशा ठिकाणी किलोमीटरभरावर भरलेली दुकाने असतात. तांदळाचे किट नेले तर ते ठेवायला कोरडी जागा नसते. तिथे हवे असतात गाळ काढणारे हात, पंप, गाद्या, विजेची जोडणी तपासणारा वायरमन, दुचाकी दुरुस्त करणारा. एकाच वेळी शेकडो घरांना वायरमन लागला की त्याची मजुरी दुप्पट होते, आणि भाडेकरू कुटुंब रांगेत शेवटचे राहते. तांदळाच्या पोत्यासारखीच वायरमनच्या दिवसाचीही मोजणी करायला हवी: आहेत किती, घेतात किती, कुणाला परवडतात. महापालिकेच्या आपत्ती आराखड्यात बोटींची आणि निवारा शाळांची यादी असते, तशी प्रत्येक प्रभागातल्या किराणा दुकानांची, त्यांच्या घाऊक पुरवठादारांची, गॅस वितरकांची आणि कारागिरांची यादी असावी, आणि ती दर मे महिन्यात, पावसाआधी, त्या दुकानदारांना भेटून ताजी करावी.