‘ब्लॉकेज नाही’ म्हणजे काय?

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला बसवकल्याणातला मराठी शाळेचा मुलगा रोहिणी किंवा धमनी म्हणतो. कन्नड शाळेतली त्याची बहीण अपधमनी म्हणते. कलबुर्गीच्या जयदेव हृदयरोग संस्थेत जाऊन आलेले आजोबा मात्र एकच शब्द घेऊन येतात : ब्लॉकेज. भाषेचा शिक्षक म्हणून मला काळजी वाटते ती या तिसऱ्या शब्दाची.

ब्लॉकेज म्हटले की क्षार साचलेला नळ डोळ्यांपुढे येतो. रोहिणीची भिंत तशी निर्जीव नसते. मेद, पेशी आणि पुढे कॅल्शियम त्या भिंतीतच साठतात आणि भिंत आधी बाहेरच्या अंगाला फुगते. १९८७ मध्ये सिमोर ग्लॅगोव्ह आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातील १३६ हृदये तपासून दाखवले की, साठा सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत आतली वाट फारशी अरुंद होत नाही. अँजिओग्राफीत रंगद्रव्य सोडून दिसते ती ही वाट. म्हणजे ‘ब्लॉकेज नाही’ याचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत नाही. वाट फारशी न अडवणारा साठा फुटूनही झटका येतो.

भिंतीतला साठा दिसू शकतो. १९९० मध्ये आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवरून हृदयरोहिण्यांतील कॅल्शियमला गुण देण्याची पद्धत मांडली. तिला सुई लागत नाही, रंगद्रव्य लागत नाही. शून्य गुण म्हणजे पुढील काही वर्षे धोका कमी. ४०० च्या वर म्हणजे साठा बराच. (परीक्षेच्या उलट, इथे शून्य मिळालेला सुखी!) पण कॅल्शियम उशिरा धरते. कोवळा, मऊ साठा या चाचणीत दिसत नाही. म्हणून मधुमेही किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्याने शून्यावर विसंबू नये. मानेच्या रोहिणीची सोनोग्राफीही भिंतीवरचा उंचवटा दाखवते, तीही क्ष-किरणांशिवाय. सरसकट सर्वांनी या चाचण्या कराव्यात असे नाही; औषध सुरू करावे की नाही याबद्दल डॉक्टर साशंक असतील तेव्हा त्यांचा खरा उपयोग. छातीत दुखत असेल तर मात्र चाचणीचा विचार न करता थेट रुग्णालय गाठावे.

इंटरहार्ट या जागतिक अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी, तर इतरत्र ५९ च्या आसपास आलेला आढळला. माझे वर्गमित्र आज त्याच वयात आहेत.

मराठी विश्वकोशातला ‘रोहिणीविलेपी विकार’ हा शब्द जिभेला जड खरा, पण त्यात लेप आहे, आणि लेप म्हटला की भिंत आठवते. ‘किती टक्के ब्लॉकेज?’ या प्रश्नाला जोडूनच ‘भिंतीला लेप धरलाय का?’ असेही डॉक्टरांना विचारता येईल.